पुसजो सर

सेलूत उमाटे सरांचं घर विचारलं की लोक विचारात पडायचे. "किराणावाले उमाटे का?" असं उलट विचारायचे. 'पुसजो सर' म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा बोट दाखवायचं.

हे नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलं होतं. सर हायस्कूलला चित्रकला शिकवायचे. पोरानं कागदावर रंगाचा पहिला हात मारला की पाठीमागून आवाज यायचा, "पुसजो." पाण्याचा डबा सांडला, "पुसजो." नाक गळत असलं, "पुसजो." असं सांगतात की एकदा मुख्याध्यापकांनी पंधरा ऑगस्टचं भाषण लिहून सरांना वाचून दाखवलं आणि कसं वाटलं म्हणून विचारलं. सर छताकडे पाहून म्हणाले, "पुसजा." मुख्याध्यापकांचा मान म्हणून 'जो'चा 'जा' केला, बाकी मत तेच.

मी त्या शाळेतली नाही. मी केळझरची. नव्वद सालाच्या सुमारास मी बी.ए. झाले. पेढे वाटून झाल्यावर पुढे काय करायचं हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण तिथपर्यंत आधी कोणी गेलंच नव्हतं. वडील भाजीपाला पिकवायचे आणि सेलूच्या बाजारात नेऊन विकायचे. त्यांच्या कानावर आलं की शाळेतून निवृत्त झालेले एक सर घरीच कातड्यावर नक्षी करायला शिकवतात. वडील म्हणाले, "जाऊन पाह्य. घरी बसून तरी काय करून राह्यली?" मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं गेले.

सर गोठ्यात बसले होते. बैल नव्हते. वावर दुसऱ्याला बटईनं कसायला दिल्यापासून गोठा रिकामाच होता, आणि गव्हाणीवर फळी टाकून सरांनी तिचं टेबल केलं होतं. अंगात रंगाचे डाग पडलेला बंडी-पायजमा, नाकावर चष्मा. त्यांनी मला विचारलं, "शिकली किती?"

"बी.ए. झाले, सर."

"बरं. हात धून ये."

मी धुऊन आले. सरांनी माझे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि पुन्हा धुवायला पाठवलं. नंतर कारण सांगितलं. कोरं कातडं फिक्या भाकरीच्या रंगाचं असतं आणि ते सगळं पितं. "हाताचं तेल पिते, घाम पिते. रंग तं दोन वर्सांत उडून जाईन, पन हाताचं उडत नाई. म्हनून रंगवायच्या आंधी हात स्वच्छ. मंग वापरताना काय होईन ते होईन."

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला जो ते प्रत्येकाला विचारायचे आणि ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय हातात सुरी द्यायचे नाहीत. "कोनासाठी?"

म्हणजे जी वस्तू तू करणार ती कोणासाठी? स्वतःसाठी, असं म्हटलेलं चालायचं नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या रमेश शिंप्यानं 'जावयासाठी पट्टा' असं सांगून टाकलं होतं. माझी आई पैसे पदराच्या गाठीत ठेवायची. तिला पाकीट देणं म्हणजे विहिरीला झाकण देण्यासारखं. समोर पायरीवर सरांच्या बायकोनं चहाची किटली आणून ठेवली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकूंसाठी."

रमेशनं हातोडी खाली ठेवली. सरांनी चष्मा काढला, बंडीला पुसला, पुन्हा लावला.

"कर," ते म्हणाले. "शेडिंग चांगलं लागन मंग."

मी काय बोलून बसले ते मला रमेशनं चहा पिताना समजावलं. त्या घराचा एक नियम होता. कातडं पायरीच्या वर चढायचं नाही. सर गोठ्यातून निघाले की राखेनं हात धुवायचे, अंगणातल्या मोरीत आंघोळ करायचे, कपडे बदलायचे, मग आत जायचे. दिवसातून दोनदा, थंडीतसुद्धा. हा नियम सरांच्या आईनं घालून दिला होता आणि सून म्हणून काकूंनी तो पाळायचं कबूल केलं होतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नियम मोडायची परवानगी द्यायला आता कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो चालू होता.

काकूंबद्दल गैरसमज नको. चहा आल्याचा आणि सगळ्यांना सारखा. कोण कोणाचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आमचे कप धुऊन आतच जायचे. त्यांचा नियम कातड्याला होता, माणसाला नव्हता. सासूबाईंच्या काळात तो कसा होता हे सर फारसं सांगत नसत. एकदाच म्हणाले होते, "चपला दाराबाहेर ठेवाव्या, ते ठीकच आहे. पन चपला शिवनाराही बाहेर, हे मले लहानपनीच हिशेबात बसलं नाई." आणि लगेच रमेशच्या हातातल्या पट्ट्याकडे वळून, "पुसजो."

सर स्वतः किराणा दुकानदाराचे पोर. वडिलांनी त्यांना वर्ध्याजवळच्या एका संस्थेत सूत कातायला शिकायला पाठवलं होतं. तिथं आळीपाळीनं सगळी कामं करावी लागत. सरांची कातड्याची पाळी आली आणि त्यांनी ती कधी सोडलीच नाही. सुट्टीत घरी येताना आईसाठी स्वतः केलेला चष्म्याचा खोका आणला. पुढची गोष्ट सर अगदी बातम्या वाचल्यासारखी सांगायचे.

"आईनं मले अंगनातच थांबवलं. म्हने, हालू नको. आन गड्याले सांगतलं, विहिरीचं पानी आन. दोन बादल्या माह्या अंगावर टाकल्या. म्हने, आता शुद्ध झाला. मी म्हनलो, आई, आपल्या विहिरीवर मोट आहे. म्हने, मंग? मी म्हनलो, मोट कातड्याचीच राह्यते ना?"

"मंग काय म्हनल्या जी?" रमेशनं विचारलं.

"तिसरी बादली टाकली."

गोठ्यात खुंटीवर एक पाकीट लटकलेलं असायचं. बाईमाणसाचं, लहानसं, झाकणावर कमळ. लग्नाच्या पहिल्या वर्षी सरांनी काकूंसाठी केलेलं. ते कधी पायरी चढलं नाही. दर दिवाळीला सर ते खाली काढायचे, तेल-मेण लावून चकचकीत करायचे आणि अंगणात उभं राहून आत विचारायचे, "घेते का?" आतून उत्तर यायचं, "आई काय म्हनतीन?" सासूबाई गेल्यावर पहिल्या दिवाळीला सरांनी पुन्हा विचारलं. आतून काकू म्हणाल्या, "आई असत्या तं काय म्हनल्या असत्या?" सरांनी पाकीट परत खुंटीला लावलं. हे मला सरांनी सांगितलं नाही. काकूंनीच सांगितलं, मेथी निवडताना, आणि सांगून झाल्यावर म्हणाल्या, "चांगलं आहे तसं ते. कमळ जरा मोठं झालं."

मी कमळच काढायचं ठरवलं होतं. सरांनी कागद बाजूला सारला. "कमळ तू कुठी पाह्यलं?"

"फोटोत, सर."

"फोटो तं मीही पाह्यला होता. त्या खुंटीवर लटकून राह्यला. तू रोज काय पाह्यते?"

मी वांग्याचं फूल काढलं. खाली मान घातलेलं, पाच टोकांचं, मधे पिवळे केसर, बाजूला दोन खरबरीत पानं. सरांनी ते पाहिलं, आणि 'पुसजो' म्हणाले नाहीत.

कातडं ओलं करून सुरीनं रेघा कापायला, ठशांनी कडा दाबून फूल वर उठवायला मला खूप दिवस लागले. पण खरी भीती रंगाची होती. रमेशनं घाई केली होती. जावयाचा पट्टा म्हणून एकदम गडद रंग भरला. सरांनी तो पट्टा उजेडात धरला. "गडद करता येते, फिक्कं करता येत नाई. आता हे जावयाले नको देजो. व्याह्याले देजो." रमेशनं खरोखरच व्याह्याला दिला आणि व्याही खूष झाला, ही सरांच्या मते व्याह्याबद्दलची माहिती होती, पट्ट्याबद्दलची नाही.

सरांची रीत अशी: पहिला रंग पाणीदार. चिंधीनं गोल गोल लावायचा आणि सुकायच्या आत पुसायचा. मग त्याहून जरासा दाट, पण पाकळीच्या बुडाशीच, आणि टोकाकडे पुसत न्यायचा. सगळ्यात गडद रंग फुलाच्या मागच्या जागेत. शेवटी काळपट लेप सगळ्यावर, अगदी फुलाच्या तोंडावरसुद्धा, की वाटावं झालं, सगळं गेलं. मग तो पुसून काढायचा. वरचं निघून येतं, खाचेतलं राहतं. "जे राह्यलं ते शेडिंग," सर म्हणायचे. "आपन लावत नाई. आपन फक्त पुसतो."

ही नजर ते गोठ्याबाहेरही नेत. काकूंनी वाढलेली भाकरी ते पाहायचे आणि म्हणायचे, "मधात फिक्की, कडेले गडद. हात चांगला आहे." काकू म्हणायच्या, "खाऊन पाहा ना आंधी." एका लग्नात नवरीला पहिल्यांदाच पावडर लावलेली पाहून त्यांनी हळूच माझ्या कानाशी येऊन काय म्हटलं असेल, हे सांगायची गरज नाही.

माझं कोरं, नक्षी कोरलेलं कातडं गव्हाणीवर वाळत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रंगवायचं. सकाळी येऊन पाहते तर पानांवर काळसर ठिपके. लहानमोठे, शिंपडल्यासारखे. शिंपडलेलेच होते. सोमवार होता. काकू दर सोमवारी तांब्यात गोमूत्र घेऊन कडुलिंबाच्या डहाळीनं गोठा शुद्ध करायच्या, म्हणजे सर त्यातून घरात येतात त्याचा दोष जावा. एरवी आम्ही आदल्या दिवशीच कातडं झाकून ठेवत होतो. या वेळी मी विसरले होते. पाण्याचा डाग एकवेळ पुसून निघतो, हा निघत नाही. तो कातड्याचा रंगच बदलतो.

मला रडू आलं. बी.ए. झालेल्या मुलीनं रडू नये असं वाटत होतं, तरी आलं.

सरांनी कातडं दारात नेलं, उजेडात धरलं. तांब्याबद्दल एक शब्द नाही.

"वांग्याच्या पानावर ठिपके कायनं येते?"

"करप्यानं, सर."

"पावसाळ्यात येते?"

"पावसाळ्यात, ढगाळ असलं की."

"मंग येऊ दे. वावर खरं वाटन."

आणि त्यांनी मला प्रत्येक ठिपक्याभोवती फिका पिवळट वळसा ठेवून शेडिंग करायला शिकवलं, जसा खऱ्या करप्याला असतो. मी वडिलांना दाखवायला नेलं तर त्यांनी फूल पाहिलंच नाही. पानावर बोट ठेवून म्हणाले, "याले औषध मारा लागते."

मग पाकीट शिवून झालं. मेण लावून झालं. मी ते सरांसमोर ठेवलं. सरांनी झाकण उघडलं, मिटलं, टाक्यांवरून नख फिरवलं. खुंटीवरच्या पाकिटाकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते मुद्दाम पाहत नाहीत हे मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "नेऊन दे तिले. पन आंधी पुसजो."

इतके दिवस ऐकत आलेला शब्द. मी स्वच्छ चिंधी घेतली, पाकीट पुसलं, कडा पुसल्या, आतून पुसलं, आणि अंगणातून निघाले.

काकू ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आले की बहुतेक वेळा घरची भाजी घेऊन यायची. वडील कधी रिकाम्या हातानं पाठवायचे नाहीत. त्यामुळे माझी चाहूल लागताच काकूंनी सुपातून मान वर न करता हात पुढे केला. मी त्या हातात पाकीट ठेवलं.

काकूंची बोटं मिटली. मग त्यांनी पाहिलं.

"हे काय वं?"

"पाकीट, काकू. तुमच्यासाठी."

"पुसलं नाई तुनं?"

"पुसलं ना काकू. दोनदा पुसलं."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं कुठे डाग राहिला. "आतूनही पुसलं," मी म्हणाले.

गोठ्याच्या दारात सर येऊन उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की 'पुसजो' म्हणजे 'विचारजो' असंही होतं, आणि आमच्याकडे निम्म्या वेळा तसंच होतं. फक्त सरांच्या तोंडून ते कधी तसं ऐकलं नव्हतं.

आता पाकीट काकूंच्या हातात होतं. घे-न-घेचा प्रश्न मागे पडला होता. टाकायचं तर टाकावं लागणार होतं, आणि समोर मी उभी. काकूंनी ते उलटं केलं, सुलटं केलं. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"अजी," त्यांनी गोठ्याकडे पाहून आवाज दिला. "हे ठिपके कायचे?"

"करपा," सर म्हणाले.

"फवारा नाई मारला?"

"फवारा तूच तं मारला. सोमवारी."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी कोपऱ्यातल्या तांब्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. हसल्या नाहीत. पण पदर तोंडाला लावून खोकल्यासारखं काहीतरी केलं. मग उठून ते पाकीट ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवलं. आत नाही. ओसरी पायरीच्या वर होती, पण उंबऱ्याच्या बाहेर.

मी गोठ्यात परत आले तेव्हा सर ठसे डब्यात लावत होते.

"मी 'पुसजो' म्हनलो म्हनजे 'इचारजो' म्हनलो होतो, पोरी."

"सर, मला वाटलं..."

"बरोबर वाटलं तुले. चूक माही आहे." डबा बंद करून झाल्यावर म्हणाले, "बरं झालं पन. इचारलं असतं तं नाई म्हनली असती. मी तं दर दिवाळीले इचारत होतो."

पुढं माझं बी.एड. झालं. त्यासाठी सरांनीच मागे लागून अर्ज करायला लावला. "हात बसला आहे, आता मुलांचे बसव," एवढंच म्हणाले. नोकरी लागली, लग्न झालं, मी नाचणगावला राहायला गेले. आज वर्गात मुलांच्या वह्यांवरून फिरताना माझ्या तोंडून तो शब्द निघतो, आणि मुलांनी माझंही काहीतरी नाव ठेवलं असणार. चौकशी मी केलेली नाही.

सेलूला जाणं कमी होत गेलं. गेले की ओसरीवर बसायची. पाकीट कोनाड्यात दिसायचं, कधी त्यात उदबत्तीचे पुडे, कधी सुटी बटणं. मग एका खेपेला कोनाडा रिकामा होता. मी काही विचारलं नाही. काही वस्तू हरवतात.

शेवटचं सरांना पाहिलं ते दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, बाजाराच्या दिवशी. वर्ग बंद झाला होता, गोठ्यात नातवाची मोटरसायकल उभी होती, पण गव्हाणीवरची फळी जागच्या जागी आणि सर तिच्यामागे. खुंटीवर कमळ तसंच. आम्ही बोलत असताना काकू घरातून बाहेर आल्या. घरातून, ओसरीवरून नाही. अंगण ओलांडून गोठ्याच्या दारापर्यंत आल्या आणि हात पुढे केला.

"टाका उसवला याचा. बाजारात जायचं आहे मले."

वांग्याचं पाकीट होतं. सरांनी ते घेतलं. काकू परत आत गेल्या.

सर उजेडाकडे वळले. मीही वाकून पाहिलं. माझा रंग बराच उडाला होता. पण झाकणावर, जिथं उघडताना अंगठा टेकतो तिथं, फुलाच्या एका पाकळीवर गडद तपकिरी डाग होता. मधे जवळजवळ काळा, आणि कडेकडे इतका हळूहळू फिका होत गेलेला की कुठे संपतो ते सांगता येऊ नये. मी इतकं शिकले, इतक्यांना शिकवलं, तसं शेडिंग माझ्या हातून कधी झालं नाही. सरांच्याही नाही.

डाग दिसला की चिंधी उचलायची, ही सवय त्यांनीच लावलेली. मी फळीवरची चिंधी उचलली.

"राहू दे," सर म्हणाले. "पुसू नको."

मी चिंधी खाली ठेवली. त्यांनी सुईत दोरा ओवायचा तीनदा प्रयत्न केला, मग मी ओवून दिला. टाका त्यांनीच घातला. दोरा दातानं तोडला, पाकीट एकदा उघडून मिटून पाहिलं आणि उठले. मला वाटलं मोरीकडे जातील. ते तसेच, त्याच डागांच्या बंडीत, हातात पाकीट घेऊन अंगण ओलांडून गेले, पायरी चढले, उंबरा ओलांडून आत गेले.

आत भांडी घासल्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.